खाऊचे पैसे: मागून नव्हे, ठरवून

नाशिकरोडच्या एका वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग चालतो. महिन्यातून एकदा मी तिथे पालकांशी बोलायला जाते. मागच्या पावसाळ्यात असाच वर्ग संपला, मुलं चपला शोधत बाहेर पळाली आणि एक आई मागे थांबली. सगळे गेल्यावर म्हणाली, "ताई, आमच्या घरातच चोर निघाला हो."

मुलगा सातवीतला. बचत गटाच्या हप्त्यासाठी डब्यात ठेवलेल्या पैशांतून त्याने पाचशेची नोट काढली होती. वडिलांना कळल्यावर त्यांनी पट्ट्याने मारलं. त्यानंतर दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. मुलगा मात्र पैसे कशाला घेतले ते सांगायला तयार नव्हता.

माझ्याशी तो बोलला, पण तिसऱ्या भेटीत. शाळेतले चार मित्र. शाळा सुटली की कोपऱ्यावरच्या गाडीवर आळीपाळीने एकाने बाकीच्यांना खाऊ घालायचं, असा त्यांचा रिवाज. याची पाळी तीनदा आली आणि तिन्ही वेळा याच्या खिशात काही नव्हतं. चौथ्यांदा एकाने गाडीवर सगळ्यांच्या देखत "फुकट्या" म्हटलं. दुसऱ्या दिवशी याने डबा उघडला. दोनशे वीस रुपये खर्च झाले. उरलेले दोनशे ऐंशी दप्तराच्या आतल्या कप्प्यात तसेच होते. परत ठेवायची हिंमत झाली नाही.

वडील अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. त्यांचं म्हणणं एकच होतं, "मी काय कमी देतो का याला? मागितलं की देतोच ना." मग आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून हिशोब मांडला. त्या महिन्यात वडिलांनी चार वेळा मिळून १९० रुपये दिले होते. त्यात ओव्हरटाइमच्या दिवशी खुशीत दिलेले १०० आले. आईने सकाळच्या घाईत दहा-दहा करून साधारण १४०. आजीने ३०. मामा आला होता, त्याने जाताना ५० हातात ठेवले. एकूण ४१० रुपये. वडील त्या आकड्याकडे बघतच राहिले. आईने पुन्हा बेरीज केली.

म्हणजे मुलाला पैसे कमी मिळत होते असं नव्हतं. ते कधी मिळतील आणि किती मिळतील, हे त्याला कधीच माहीत नसायचं. वडिलांचा मूड चांगला असेल तर पन्नास, नसेल तर "अभ्यास कर आधी". ४१० रुपये महिन्याला मिळणारा मुलगा आपल्या पाळीच्या दिवशी मोकळ्या खिशाने उभा होता.

मुलाला खाऊचे पैसे किती द्यावेत, हा प्रश्न मला वस्तीतही विचारतात आणि पक्की नोकरी असलेल्या घरांतही विचारतात. बहुतेकांना एक आकडा हवा असतो. आकडा मी पुढे देणारच आहे. पण त्या कॅलेंडरच्या पानानंतर माझं मत पक्कं झालं, की किती याच्या आधी कसे द्यायचे ते ठरवायला हवं.

मर्जीचा पैसा आपण ओळखतो

माझी आजी निफाड तालुक्यात वाढली. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून कांद्याच्या निंदणीला जायची. मजुरी मुकादम थेट तिच्या वडिलांच्या हातात द्यायचा. लग्न होईपर्यंत स्वतःच्या कमाईचा एक पैसा आपण हातात धरल्याचं तिला आठवत नव्हतं. माझा भाचा आज त्याच वयाचा आहे. तो एक रुपया कमवत नाही आणि दर आठवड्याला त्याच्या हातात पैसे येतात. तीन-चार पिढ्यांत गोष्ट पूर्ण उलटी झाली.

ही गोष्ट फक्त आपल्याकडे घडली असं नाही. व्हिव्हियाना झेलायझर या अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ. मुलांच्या बदलत्या किमतीवरचं त्यांचं पुस्तक १९८५ साली आलं. एमएला असताना ते मला अभ्यासायला होतं. कारखान्यांतून आणि शेतांतून मुलं शाळेकडे वळली, कमावणारं मूल कमी झालं, तसतशी मुलाला घरातून ठरावीक पैसे द्यायची पद्धत तिकडे रुजली. मूल कमवत नाही, पण बाजार तर त्याच्या शाळेच्या फाटकापर्यंत आला आहे. मग त्याच्या हातात काही तरी द्यायला हवं. हे काही तरी बक्षीस आहे, मजुरी आहे, भिक्षा आहे की घरातला वाटा आहे, यावर तिथेही बराच वाद झाला.

आपल्या समाजाला हा वाद परका नाही. बलुतं म्हणजे काय होतं? गावाची सगळी कामं करायची, त्याला ठरलेला पगार नाही. सुगीला दारोदार जायचं आणि देणारा जे पदरात टाकेल ते घ्यायचं. किती मिळणार हे देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. बलुत्याच्या जागी ठरलेली रोख रक्कम मिळावी, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. कनिष्ठ वतनं अखेर १९५८ च्या कायद्याने गेली.

खाऊच्या दहा रुपयांची बलुत्याशी तुलना ओढूनताणून केल्यासारखी वाटेल. अन्यायाचं माप फार वेगळं आहे, हे मान्यच. पण मागणाऱ्याला लागणारी सवय बघा. बाप जेवून बसला की मागायचं, कामावरून आल्या आल्या नाही. आई फोनवर बोलत असताना मागितलं की ती नादात देऊन टाकते. आजीपुढे थोडं रडायचं. पाहुणे बसलेले असताना मागितलं तर नाही म्हणायची सोय नसते. आपली मुलं यात इतकी तरबेज झालेली असतात की आपल्याला कौतुक वाटतं, "फार हुशार आहे, बरोबर वेळ साधतो." देणाऱ्याचा चेहरा वाचून हात पुढे करायला आपण त्यांना घरातच शिकवतो आहोत, हे लक्षात येत नाही. आणि ज्या मुलाला वेळ साधता येत नाही, जे मूल बुजरं आहे, त्याला काहीच मिळत नाही.

याच्या उलट, ठरून मिळालेल्या पैशाचं उदाहरणही आपल्याच घरातलं आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना बाबासाहेबांना सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले तेव्हा महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. किती मिळणार, किती काळ मिळणार, त्याबदल्यात बडोद्याची किती वर्षं नोकरी करायची, हे सगळं करारनाम्यात लिहिलेलं. रक्कम ऐशआरामाची नव्हती. पोटाला चिमटा घेऊन त्यातून त्यांनी जुनी पुस्तकं घेतली, हे आपण सगळे सांगत असतो. पण हे का जमलं याकडे आपलं लक्ष जात नाही. पुढच्या महिन्याचे पैसे येणार हे माहीत असलेला माणूसच या महिन्यात काय टाळायचं ते ठरवू शकतो.

आता आकडा

पहिलं काम, चार आठवडे काहीही न बदलता लिहून काढा. आई, वडील, आजी, काका, दुकानाची उधारी, पाहुण्यांनी हातात ठेवलेले, सगळं. "आम्ही मुलांना पैसेच देत नाही" असं सांगणाऱ्या घरांतही हा आकडा पाचशे-सातशेच्या घरात निघताना मी पाहिला आहे. बहुतेक घरांना नव्याने एक रुपयाही काढावा लागत नाही. आधीच जाणारे पैसे एका जागी आणून, कमी करून, ठरवून द्यायचे असतात.

दुसरं काम, या पैशांत काय येतं आणि काय येत नाही ते मुलासमोर बोला. माझ्या मते वह्या, पेन, परीक्षेचं पॅड, बसचा पास, औषध, सॅनिटरी पॅड हे त्यात येत नाही. ती घराची जबाबदारी. मुलीला खाऊच्या पैशांतून पॅड आणायला लावणारं घर मी पाहिलं आहे. ती मुलगी वर्षभर खाऊ खात नव्हती, एवढंच त्यातून झालं.

आणि डबा तर नाहीच नाही. सकाळी सातला कंपनीची गाडी पकडणारी आई मुलाच्या हातात वीस रुपये ठेवून जाते आणि त्याला आपण खाऊचे पैसे म्हणतो. ते खाऊचे पैसे नव्हेत. ते जेवण आहे, आणि वीस रुपयांत बाहेर जेवण होत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो. तो खायची लाज वाटते म्हणून मुलं गाडीवर जातात, ही वेगळी अडचण आहे आणि ती पैसे वाढवून सुटत नाही. मी त्या आईला दोष देत नाही. तिची पाळी आणि शाळेची वेळ जुळत नाही, यात तिचा काय दोष? पण हे वीस रुपये वेगळ्या खात्यावर मांडा.

तिसरं, घराची मिळकत. समजा महिन्याला १८,००० रुपये येतात. भाडं ४,०००, किराणा-गॅस ६,५००, गटाचे आणि फायनान्सचे हप्ते ३,०००, शाळा-शिकवणी २,०००, वीज, मोबाईल, जाण्या-येण्याचे १,५००. हातात राहिले एक हजार, आणि त्यातच दवाखाना. अशा घराने दोन मुलांना मिळून महिन्याला ४०० रुपये दिले, तर एकेकाच्या वाट्याला आठवड्याला ५० येतात. म्हणजे मिळकतीच्या शंभर रुपयांतले दोन रुपये आणि वर थोडे. हा कुठल्या पाहणीतला नियम नाही, माझा अंदाजपंचे आहे. पण वस्तीतल्या बऱ्याच घरांना तो झेपला. ज्यांना तोही झेपत नाही त्यांनी आठवड्याला दहा द्यावेत, पण दर आठवड्याला द्यावेत.

मिळकत ६०,००० असेल तर याच हिशोबाने मुलाला आठवड्याला दीडशेच्या वर जातील. सातवी-आठवीच्या मुलाला एवढे कशाला लागतात? तिथे हे गणित सोडून द्या आणि वयाकडे बघा. सहा-सात वर्षांच्या मुलाला आठवडा म्हणजे किती हेच नीट कळत नाही. त्याला आठवड्यातून दोनदा पाच किंवा दहा पुरेत. आठ ते दहा वयाला आठवड्याला वीस-तीस. अकरा ते तेराला चाळीस-पन्नास. चौदा-पंधरापासून एकदम महिन्याचे द्या, तीनशे-चारशे, कारण महिना पुरवणं ही वेगळी कसरत आहे आणि ती घरी असतानाच एकदा-दोनदा चुकलेली बरी. पुढे मुलं वसतिगृहात जातात. तिथे समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात निर्वाह भत्ता मिळतो. वर्षानुवर्षे तो महिन्याला तालुक्याच्या ठिकाणी ५००, जिल्ह्याला ६०० आणि नाशिकसारख्या विभागीय शहरात ८०० रुपये असा होता. घरून निघेपर्यंत ज्याने महिना कधी चालवला नाही, अशा मुलाचे पहिल्या दहा दिवसांत पैसे संपलेले मी पाहिले आहेत. मग घरी फोन.

दिवस ठरवा. पगाराचा नको, कारण पगार पुढे-मागे होतो. आणि फायनान्सच्या हप्त्याचा तर मुळीच नको. ज्या दिवशी गटाची बैठक बसते आणि आई शेजारणीकडे शंभर रुपये मागत फिरते, त्या दिवशी मुलाने पैसे घ्यायचे तरी कसे? रविवार बरा. वडील घरी असतात.

पैसे बुधवारी संपले तर? संपू द्या. हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याला मुलाचं तोंड बघवत नाही. पण पुढच्या आठवड्यातले आधी देऊ नका. आपल्या आधीच्या पिढ्यांतली किती माणसं उसाच्या तोडीला, वीटभट्टीला उचल घेऊन गेली आणि ती उचल फेडता फेडता हंगाम संपला, हे घराघरात माहीत आहे. मुलाची पहिली उचल बापाकडून झाली तर त्याला तो सरळ व्यवहार वाटतो.

मार्कांवर पैसे लावू नका, असं मी सांगते तेव्हा बरेच पालक नाराज होतात. नव्वद टक्क्यांना पाचशे, हे त्यांना प्रोत्साहन वाटतं. मला त्यात अडचण अशी दिसते की पंचावन्न टक्केवाल्याने आणखी गोळा केलेला अपमान घरातच पैशांत मोजला जातो. घरकामाचंही तेच. स्वतःचं ताट धुणं, पाणी भरणं याचे पैसे नसतात. आई कोणाकडून घेते? आणि शिक्षा म्हणून खाऊचे पैसे बंद करणं तर पहिल्या पायरीवर परत जाणं आहे. देणाऱ्याची मर्जी.

बहिणीचं काय?

त्या सातवीतल्या मुलाला नववीतली बहीण आहे. कॅलेंडरच्या पानावर तिचा हिशोब मांडायचा कोणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. आठवड्याभराने लक्षात आलं. विचारलं तर आई म्हणाली, "ती मागतच नाही ताई, शहाणी आहे." महिन्यात तिच्या हातात पडले होते ३० रुपये, तेही आजीने दिलेले.

न मागणाऱ्या मुलीला आपण शहाणी म्हणतो आणि त्या शहाणपणाचा फायदा घरातल्या मुलाला देतो. मुलगा बाहेर जातो, मित्र असतात, त्याला लागतात, असं कारण असतं. मुलीला लागत नाहीत का? मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिलाही जायचं असतं. स्वतःजवळ पन्नास रुपये असलेली मुलगी उशीर झाला तर रिक्षाने घरी येऊ शकते, एवढं साधं कारणही पुरेसं आहे.

राज्य सरकारने १९९२ साली पहिली ते चौथीतल्या वंचित घटकांतल्या मुलींसाठी शाळेच्या हजेरीवर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. आज त्या एका रुपयाला गोळी येते. पण त्या वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की मुलीच्या नावाने पैसा वेगळा काढावा लागतो, घरातून तो तिच्यापर्यंत पोचत नाही. पाचवीपासून पुढे सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कमही बरीच वर्षं सातवीपर्यंत महिना ६० आणि दहावीपर्यंत महिना १०० एवढीच होती. ती खात्यावर जमा होते आणि किराण्यात जाते. जाऊ द्या, घराला गरज असते. पण मुलीला पासबुक दाखवा. हे पैसे तुझ्या नावाने आले होते आणि आपण ते कशाला वापरले, हे तिला कळायला हवं. दहावी झालेल्या कित्येक मुलींना आपल्याला शिष्यवृत्ती मिळत होती हे दाखला काढायला गेल्यावर समजतं.

डबे, फोन आणि पुड्या

बचतीबद्दल माझा एक फसलेला प्रयोग सांगते. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग स्वतःच्या उपभोगाला, दोन उद्योगधंद्याला, एक अडचणीच्या काळासाठी. मी मुलांच्या वर्गात उत्साहाने प्रत्येकाकडून कागदाचे चार डबे करून घेतले. दोन डबे पहिल्या दिवसापासून मोकळेच राहिले. नऊ वर्षांच्या मुलाचा कसला उद्योग? हे सुत्त कमावत्या माणसासाठी आहे, ते मुलांवर जसंच्या तसं लादणं ही माझी चूक. उपभोगाचा भाग मात्र त्यात पहिला सांगितलेला आहे, हे मी पालकांना मुद्दाम दाखवते. खाऊच्या पैशांतून मुलाने खाऊच खाल्ला तर ते पैसे वाया गेले, असं वाटणाऱ्या पालकांची संख्या मोठी आहे.

अडचणीचा डबा भरला, पण दोन महिन्यांनी वेगळंच निघालं. वर्गातल्या अकरा मुलांपैकी सात जणांच्या डब्यातले पैसे घरच्यांनीच घेतले होते. गॅस संपला, लाइटबिल राहिलं, कोणाची दारूही. "नंतर देतो" म्हणून. परत कोणी दिले नव्हते. त्या मुलांनी काढलेला अर्थ सरळ होता: साठवलं की जातं, त्यापेक्षा खाऊन टाकावं. तेव्हापासून माझा पालकांकडे एकच आग्रह असतो. मुलाच्या डब्यातून घ्यायची वेळ आली तर विचारून घ्या, वहीत लिहा आणि पाच-पाच करून का होईना, परत करा.

दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत स्वतः खातं उघडून चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने याला आधी २०१४ मध्ये आणि मग एप्रिल २०२५ मध्ये नव्याने परवानगी दिली आहे. किती रकमेपर्यंत व्यवहार करू द्यायचे ते प्रत्येक बँक ठरवते. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरच्या मुलाच्या नावाने बचत खातं निघतं, त्याला किमान ५०० रुपये लागतात. आमच्या शाळेत संचयिका होती. मुलंच कारकून, मुलंच खातेदार. ती गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

रोख द्यायचे की फोनवर? चौदा वर्षांपर्यंत रोख, असं माझं मत. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात आणि तिथून हाकेच्या अंतरावरची मुलं आता नोटेला हात न लावता खरेदी करतात. वडिलांचा फोन, वडिलांचा पिन, दुकानातला कोड. नोट हातातून जाताना जे जाणवतं ते यात जाणवत नाही. गेममधले डायमंड घेण्यात दोन-दोन हजार गेलेली घरं आहेत. बापाला ते बँकेचा मेसेज वाचून कळलेलं नसतं, महिनाअखेरीला पैसे पुरले नाहीत तेव्हा कळलेलं असतं. पिन मुलाला सांगू नका. सांगितला असेल तर आज बदला.

पैसे दिले की पोरगं गुटख्याला लागेल, ही भीती मी प्रत्येक बैठकीत ऐकते. भीती खोटी नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही असा कायदा आहे. शाळेच्या पन्नास मीटरच्या आत जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकू नयेत असा २०२० चा नियम आहे. टपरीवर पुड्या लटकतच असतात. पण बाहेर जे मिळतं त्याची तक्रार शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनीच करायची असते, मुलाचा खिसा मोकळा ठेवून ती होत नाही. माझा अनुभव असा, की पन्नास रुपये कशाला गेले हे दर रविवारी सहज बोलायची सवय असलेल्या घरात गडबड लवकर लक्षात येते. सहज बोलायची, झडती घ्यायची नाही. आठवड्याचे दहा-पंधरा रुपये मुलाने सांगितले नाहीत तरी चालवून घ्या.

शेवटची अडचण, काम सुटतं तेव्हा. कंत्राट संपलं, ब्रेक दिला, हे सातपूर-अंबडच्या घरांना नवीन नाही. अशा वेळी काही आई-वडील स्वतः उपाशी राहून मुलाचे पैसे चालू ठेवतात, काही एका शब्दानेही न सांगता बंद करतात. मुलाला दोन्हीतलं काहीच कळत नाही. घरात एकच खोली असेल तर मुलाने तसंही सगळं रात्री ऐकलेलं असतं. त्याला समोर बसवून सांगा, पप्पांचं काम सुटलंय, पन्नासचे वीस होतील, दिवाळीपर्यंत बघू. सिडकोतल्या एका घरात हे सांगितल्यावर दहा वर्षांची मुलगी म्हणाली होती, "मग दादाचे पण वीसच ना?"

त्या सातवीतल्या मुलाच्या घरी आता दर रविवारी दुपारी चाळीस-चाळीस मिळतात, दोघांनाही. पहिल्या आठवड्यात त्याचे सोमवारीच संपले. वडील द्यायला निघाले होते, आईने हात धरला. पाळीच्या आठवड्यात तो आता मित्रांना वडापाव नाही, चणे-फुटाणे खाऊ घालतो. त्यांनी नाक मुरडलं, पण खाल्ले. पाचशेच्या नोटेतले खर्च झालेले दोनशे वीस तो दर आठवड्याला दहा रुपयांनी आईच्या डब्यात परत टाकतो आहे. हे त्याने स्वतःच सुचवलं, वडिलांनी नाही. बहीण एका जुन्या वहीत हिशोब लिहिते. गेल्या रविवारी तिने मला ती वही दाखवली. भावाच्या नावासमोर "येणे १५" असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.